जर्सी कॉलेजची, बूट कंपनीचे, आणि पैसे? अमेरिकन कॉलेज स्पोर्ट्समधल्या कपड्यांच्या डील्स, सोप्या भाषेत

विराटच्या अंगावर अदिदासची जर्सी आणि हातातल्या बॅटवर एमआरएफचं स्टिकर, असले प्रकार आपण इतकी वर्षं बघतोय की त्यात काही वेगळं वाटतच नाही. जर्सीचा करार बोर्डाने केला, त्याचे पैसे बोर्डाकडे, बॅटचा करार खेळाडूने स्वतः केला, त्याचे पैसे त्याच्या खिशात, विषय संपला. आता समजा कोणी नियम काढला की बॅटवर स्टिकर लावायचं नाही, जाहिरात करायची नाही, बूट मात्र बोर्ड सांगेल त्याच कंपनीचे घालायचे, आणि त्या बुटांचे पैसे बोर्ड आणि कोच वाटून घेतील. अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्समध्ये साधारण चाळीस वर्षं हेच चाललं होतं, आणि तेही राजरोस, वाजतगाजत प्रेस नोट काढून.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवायला लागते, नाहीतर पुढचे आकडे खोटेच वाटतात. आपल्याकडे कॉलेजची टीम म्हणजे जिमखान्याच्या फंडातून आलेले ट्रॅकसूट, आंतरविद्यापीठ स्पर्धेला एसटीने नाहीतर स्लीपर क्लासने जाणं, आणि मॅच बघायला आलेले दहा-पंधरा मित्र. तिकडे मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजारांच्या वर आहे (फुटबॉल म्हणजे त्यांचं हेल्मेटवालं) आणि ते भरतं. मॅच नॅशनल टीव्हीवर लाइव्ह. बऱ्याच राज्यांत सरकारी तिजोरीतून सगळ्यात जास्त पगार घेणारा माणूस गव्हर्नर नसतो, सरकारी युनिव्हर्सिटीचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच असतो. पुण्या-नागपूरहून एमएस करायला गेलेली आपली पोरं पहिल्याच सेमिस्टरला युनिव्हर्सिटीचं नाव छापलेली हुडी घेतात आणि किंमत बघून डोळे पांढरे करतात, त्या हुडीवर छातीशी जो छोटासा लोगो असतो ना, आपण बोलतोय तो त्याच लोगोबद्दल.

तर डीलमध्ये नक्की असतं काय?

२०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या युनिव्हर्सिटीने अंडर आर्मर कंपनीशी १५ वर्षांचा करार केला, एकूण किंमत सुमारे २८ कोटी डॉलर, कॉलेज स्पोर्ट्सच्या इतिहासात तोवरचा सगळ्यात मोठा. पेपरात हाच आकडा येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की कंपनीने २८ कोटींचा चेक फाडला. तसं नसतं. त्यातली रोख रक्कम वर्षाला साधारण १ कोटी १० लाख डॉलर होती, आणि ७० लाखांच्या वर माल, म्हणजे बूट, जर्सी, प्रॅक्टिसचे कपडे, बॅगा, पार कोचच्या जॅकेटपर्यंत सगळं. आता हा माल मोजायचा कुठल्या भावाने, हा वेगळाच खेळ आहे, काही करारांत तो दुकानातल्या भावाने मोजतात, म्हणजे कंपनीला जो बूट बनवायला थोडक्यात पडतो तो करारात पूर्ण किमतीला चढतो आणि हेडलाइनचा आकडा आपोआप फुगतो. कॉलेजलाही ते चालतं, कारण मोठा आकडा छापून आला की शेजारच्या कॉलेजची जळते. शिवाय दुकानात जे विकलं जातं, त्या हुड्या, टोप्या, टी-शर्ट, त्यावर कॉलेजला रॉयल्टी मिळते, टीम चॅम्पियन झाली तर बोनस असतो, आणि काही करारांत टीम फारच हरायला लागली तर रक्कम कमी करायची सोयही असते.

हे सगळं आपल्याला कळतं कसं? कारण यूसीएलए, मिशिगन, ओहायो स्टेट, टेक्सस ही सरकारी विद्यापीठं, त्यांचे करार माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली पत्रकार मागवू शकतात. ड्यूकसारखी खाजगी विद्यापीठं तोंड उघडत नाहीत, आणि कायद्याने त्यांना उघडायलाही लावता येत नाही.

या पैशांच्या बदल्यात कंपनीला काय मिळतं? लोगो. आणि तो केवढा, तर एनसीएएच्या (कॉलेज स्पोर्ट्स चालवणारी तिकडची मुख्य संस्था) नियमात ठरलंय की कपड्यावरचा कंपनीचा लोगो सव्वादोन चौरस इंचापेक्षा मोठा नको. दीड इंच बाय दीड इंच, बस. एवढ्याशा जागेसाठी कोट्यवधी! आणि नाइकेचं ते स्वूशचं चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या पोर्टलंड स्टेटच्या एका विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये काढून दिलं होतं, कंपनीने तिला नंतर १९८३ मध्ये शेअर्स दिले ही गोष्ट वेगळी.

या करारांतलं माझं सगळ्यात आवडतं कलम बुटांवरच्या पट्टीचं आहे. फुटबॉल खेळणारे घोटा मुरगळू नये म्हणून बुटावरूनच पांढरी चिकटपट्टी गुंडाळायचे, त्याला तिकडे स्पॅटिंग म्हणतात. पट्टी गुंडाळली की बूट झाकला, बूट झाकला की लोगो झाकला. मग करारात कलम आलं की लोगो झाकेल अशी पट्टी लावायची नाही, वारंवार लावली तर कंपनी पैसे कापू शकते. डॉक्टरने सांगितलं तर काही ठिकाणी अपवाद चालतो, पण विचार करा, पोराच्या घोट्याला पट्टी कुठून कुठपर्यंत गुंडाळायची हे बुटाची कंपनी आणि युनिव्हर्सिटीचे वकील बसून ठरवतायत, आणि ज्याचा घोटा आहे तो त्या करारावर सही करणारा पक्षच नाही.

सुरुवात झाली ती कोचपासून, कॉलेजपासून नाही. १९७७-७८ च्या सुमाराला सॉनी व्हॅकारो नावाचा माणूस नाइकेत आला. नाइके तेव्हा पळण्याच्या बुटांची कंपनी म्हणून माहीत होती, बास्केटबॉलमध्ये कॉन्व्हर्सचं राज्य होतं. व्हॅकारोने डोकं चालवलं की खेळाडूंना पैसे देता येत नाहीत, नियमात बसत नाही, पण कोचला द्यायला कोणी अडवलंय? कोचला चेक द्यायचा, टीमसाठी फुकट बूट पाठवायचे, कोच सांगेल ते पोरं घालणार. नेवाडा-लास वेगासचा जेरी टारकेनियन, जॉर्जटाउनचा जॉन थॉम्पसन असे एकेक तगडे कोच नाइकेकडे आले. सगळं कायदेशीर, आणि कंपनीच्या दृष्टीने इतकं स्वस्त की बाकीच्यांना कळेपर्यंत अर्धं मैदान यांच्या बुटात पळत होतं.

मग कॉलेजांच्या लक्षात आलं की अरे, आपल्या पोरांच्या पायांचे पैसे कोच परस्पर घेतोय! १९८७ मध्ये मायामी युनिव्हर्सिटीने नाइकेशी अख्ख्या युनिव्हर्सिटीचा करार केला, सगळ्या खेळांचा मिळून, अशा प्रकारचा तो पहिला मानतात. नव्वदच्या दशकात ही पद्धत सगळीकडे पसरली आणि कंपन्यांची हिंमतही वाढली. १९९६ मध्ये विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या रीबॉकबरोबरच्या करारात एक कलम सापडलं, की युनिव्हर्सिटीच्या लोकांनी रीबॉकबद्दल वाईट बोलायचं नाही. म्हणजे कामगारांच्या शोषणावर शिकवणारा प्रोफेसरही त्यात आलाच की! बोंबाबोंब झाली आणि ते कलम काढून टाकायला लागलं. त्यानंतर चार वर्षांनी, २००० मध्ये, ओरेगन युनिव्हर्सिटी विद्यार्थ्यांच्या दबावाखाली कारखान्यांतल्या कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एका संस्थेत सामील झाली, तर नाइकेचे संस्थापक फिल नाइट, जे स्वतः ओरेगनचेच माजी विद्यार्थी, त्यांनी स्टेडियमसाठी द्यायची ३ कोटी डॉलरची देणगी मागे घेतली. पुढे समेट झाला आणि आता ओरेगनच्या कॅम्पसवर नाइटांच्या पैशाची छाप नाही अशी जागा शोधावी लागते, पण त्या वेळी बाकीच्या विद्यापीठांना जो निरोप जायचा तो गेला.

आता मुख्य प्रश्न. एवढे पैसे जर्सी विकून सुटतात का? बहुतेक ठिकाणी नाही, निदान सरळ हिशोबाने तरी नाही. मग कंपनी का देते, तर जाहिरात हा एक भाग झाला, दुसरा भाग म्हणजे पोरगं. बुटांच्या धंद्यात खरी मलई असते स्टार खेळाडूच्या नावाच्या बुटात, बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनचं उदाहरण सगळ्यांना माहीतच आहे. तो स्टार प्रोफेशनल होईल तेव्हा त्याने आपल्याकडे यावं म्हणून त्याला आधीपासून सवय लावायची. म्हणून या कंपन्या कॉलेजच्याही खाली जातात, शाळकरी पोरांच्या उन्हाळी बास्केटबॉल लीग चालवतात, नाइकेची वेगळी, अदिदासची वेगळी, अंडर आर्मरची वेगळी. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं नाइकेच्या लीगमध्ये खेळलं, नाइकेच्या कॉलेजात गेलं, की प्रोफेशनल झाल्यावर नाइकेचाच करार. असा सरळ पाइप टाकलेला. हा पाइप कधी कधी फुटतो आणि मग आत काय वाहतंय ते दिसतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये लुइव्हिल युनिव्हर्सिटीने अदिदासशी १० वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. सप्टेंबरच्या २६ तारखेला सरकारी वकील आणि एफबीआयने पत्रकार परिषद घेतली. आरोप असा, की अदिदासचा एक अधिकारी जेम्स गॅटो आणि त्याच्याबरोबरच्या मधल्या लोकांनी एका हुशार खेळाडूच्या घरच्यांना १ लाख डॉलर द्यायचं ठरवलं, पोराने लुइव्हिललाच यावं म्हणून. लुइव्हिलचा कोच रिक पिटिनो याला ऑक्टोबरमध्ये काढलं, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही आणि आपल्याला काही माहीत नव्हतं असंच तो म्हणत राहिला. पण त्याच सुमाराला तिथल्या पेपरने जुन्या करारातले कागद काढले आणि दिसलं की २०१५-१६ मध्ये अदिदासकडून आलेल्या रोख पैशातला जवळपास सगळा वाटा, १५ लाख डॉलर, कोचकडे गेला होता आणि बास्केटबॉलच्या खात्याला २५ हजार. खेळाडूला अर्थात शून्य, त्याला काही देणं हाच तर गुन्हा!

खटल्यात सरकारी वकिलांनी जे मांडलं ते ऐकून मी तरी हसलो होतो, की या प्रकरणात फसवणूक झाली ती युनिव्हर्सिटीची. म्हणजे करोडोंचा करार घेऊन बसलेलं कॉलेज बिचारं, आणि त्याच कॉलेजात चांगला खेळाडू यावा म्हणून पैसे देणारा कंपनीचा माणूस चोर. ज्युरीने मान्य केलं, गॅटोला २०१९ मध्ये नऊ महिन्यांची शिक्षा झाली. कॅन्सस युनिव्हर्सिटीचंही नाव या खटल्यात आलं होतं. आणि त्याच वर्षी कॅन्ससने अदिदासबरोबर १९ कोटी ६० लाख डॉलरचा, १४ वर्षांचा नवा करार केला.

या सगळ्या काळात एनसीएए नाकाने कांदे सोलत होती की आमची पोरं विद्यार्थी आहेत, हौशी आहेत, त्यांना पैशाची लागण व्हायला नको. स्कॉलरशिप मिळते ना, राहणं-खाणं मिळतं ना, मग झालं. (स्कॉलरशिप लहान गोष्ट नाही हे खरं, तिकडची फी आपल्याला माहीत आहे, त्यामुळे पोरं अगदी फुकट राबत होती असं म्हणणंही बरोबर नाही.) पण दुकानात त्याच पोरांच्या नंबरच्या जर्स्या विकायला होत्या, फक्त नाव नसायचं, म्हणजे ही अमुक खेळाडूची जर्सी नाही, हा आपला नुसताच २ नंबर आहे असं म्हणायला मोकळे. ऑगस्ट २०१३ मध्ये जे बिलास नावाच्या बास्केटबॉल समालोचकाने एक साधी गोष्ट केली. एनसीएएच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानाच्या सर्चमध्ये त्याने खेळाडूंची नावं टाकायला सुरुवात केली. टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या क्वार्टरबॅकचं (फुटबॉल टीममधला बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) आडनाव मॅन्झिएल टाकलं, तर बरोबर त्याच टीमची २ नंबरची जर्सी समोर आली. दुसरं नाव टाकलं, त्याचीही जर्सी आली. स्क्रीनशॉट ट्विटरवर टाकत गेला, एकामागून एक. दुकानाच्या कॉम्प्युटरला पक्कं माहीत होतं कोणाची जर्सी कोणती, फक्त एनसीएएच्या वकिलांना माहीत नव्हतं! सर्च बंद झालं आणि थोड्याच दिवसांत एनसीएएने त्या जर्स्या विकणंही बंद केलं.

आणि मग तो बूट. २० फेब्रुवारी २०१९, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, प्रेक्षकांत बराक ओबामा, मॅच सुरू होऊन मिनिटसुद्धा झालं नव्हतं आणि ड्यूकचा झायन विल्यमसन वळायला गेला तर डाव्या पायातला नाइकेचा बूट टराटरा फाटला, पाय त्यातून बाहेर आला आणि तो खाली बसला. गुडघा थोडक्यात बचावला. ड्यूक ती मॅच ८८-७२ ने हरली, आणि दुसऱ्या दिवशी नाइकेचा शेअर एखादा टक्का उतरला, तेवढ्यानेच कंपनीचं बाजारमूल्य शंभर कोटी डॉलरच्या वर कमी झालं. नाइकेने माणसं पाठवली, पुढे त्याच्यासाठी खास मजबूत करून घेतलेले बूट आले. पण गणित बघा, एका पोराच्या पायातल्या बुटाने शेअर बाजार हलतो, त्या बुटाचे पैसे ड्यूकला मिळतात, आणि गुडघा गेला असता तर तो फक्त त्या पोराचा गेला असता. बरं, दुसऱ्या कंपनीचा बूट घालायचा त्याला पर्यायही नव्हता. त्याच उन्हाळ्यात तो प्रोफेशनल झाला आणि जॉर्डन ब्रँडशी करार झाला, जो नाइकेचाच.

आता मागे सोडलेल्या यूसीएलएकडे येऊ, कारण २८ कोटींचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय या करारांचा खरा भरवसा किती ते कळत नाही. अंडर आर्मर म्हणजे मेरीलँडकडून फुटबॉल खेळलेल्या केव्हिन प्लँकने १९९६ मध्ये काढलेली कंपनी, नाइकेला टक्कर द्यायच्या नादात भरमसाट बोल्या लावत सुटली होती. धंदा मंदावला, वर कोविड आला, आणि जून २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की करार संपला, अकरा-बारा वर्षं बाकी असताना. कारण दिलं की महामारीमुळे मॅचेस नाहीत, ठरलेली प्रसिद्धी मिळाली नाही. यूसीएलए कोर्टात गेली. कंपनीने उलटा दावा ठोकला, त्यात एक आरोप असा होता की खेळाडूंनी सामाजिक न्यायाच्या घोषणेचे बिल्ले जर्सीवर लावले आणि त्याखाली आमचा लोगो झाकला गेला. तेच, घोट्याच्या पट्टीचंच भांडण, पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मारला गेला त्यानंतरच्या त्या वर्षात! शेवटी २०२२ मध्ये तडजोड झाली, अंडर आर्मरने ६ कोटी ७५ लाख डॉलर दिले. यूसीएलए तोवर नाइके-जॉर्डनकडे गेली होती, सहा वर्षांना ४ कोटी ६० लाखांच्या आसपास. आधीच्या करारात जेवढे वर्षाला मिळायचे त्याच्या निम्म्याहून कमी.

आणि खेळाडू? त्यांचं दार कोर्टाने उघडलं. २००९ मध्ये एड ओबॅनन या यूसीएलएच्याच जुन्या खेळाडूने व्हिडिओ गेममध्ये स्वतःला बघितलं आणि केस टाकली, त्याला उभं करण्यात सॉनी व्हॅकारोचा हात होता, हो, तोच, कोचला चेक देणारा. बारा वर्षं अशीच एकेक केस चालत राहिली, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात ९-० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा वापरून कमवायची मुभा मिळाली. याला तिकडे एनआयएल म्हणतात. आपल्या भाषेत, बॅटवर स्टिकर लावायची परवानगी. नाइकेने सगळ्यात आधी कोणाला घेतलं? फुटबॉलच्या कुठल्या क्वार्टरबॅकला नाही, यूसीएलएच्या सॉकर टीममधल्या राइलिन टर्नरला, डिसेंबर २०२१ मध्ये. अदिदासने २०२२ मध्ये वेगळी शक्कल काढली, आपल्या करारातल्या १०९ कॉलेजांच्या सगळ्या खेळाडूंना, म्हणजे ५० हजारांच्या वर पोरापोरींना, सांगितलं की आमचा माल विका आणि कमिशन घ्या. थोडक्यात एजंट करून टाकलं, पण निदान काही तरी हातात.

घोळ अजून आहेच. कॉलेज नाइकेचं आणि खेळाडूचा वैयक्तिक करार अदिदासशी असेल तर मैदानात काय घालायचं? साधारण नियम असा की मॅचमध्ये, प्रॅक्टिसमध्ये कॉलेज सांगेल ते, बाहेर तुझं तू. म्हणजे ज्या दोन-तीन तासांत टीव्हीवर दिसतो नेमके तेच तास अजून कॉलेजच्या करारात.

जून २०२५ मध्ये आणखी मोठी तडजोड कोर्टाने मंजूर केली, जुन्या खेळाडूंना मिळून सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि २०२५-२६ पासून कॉलेज आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. या मर्यादेमुळे कपड्यांच्या डीलचा अर्थच बदलला, कारण बाहेरच्या कंपनीने खेळाडूला खऱ्याखुऱ्या जाहिरातीसाठी दिलेले पैसे या मर्यादेत धरत नाहीत (६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार तपासणीला मात्र जातो). मग कॉलेजने कंपनीकडे काय मागावं? आम्हाला द्यायचं ते द्या, पण आमच्या पोरांनाही थेट जाहिरातीचे करार द्या, म्हणजे चांगलं पोरगं आमच्याकडे येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये टेनेसी युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की दहा वर्षांनंतर नाइके सोडून परत अदिदासकडे जातोय, जुलै २०२६ पासून, आणि त्यात खेळाडूंच्या एनआयएल करारांची गोष्ट आडून नाही, पहिल्याच घोषणेत ठळकपणे होती. २०१७ मध्ये खेळाडूच्या घरच्यांना पैसे देऊन अदिदासचा माणूस तुरुंगात गेला, आता तेच काम कंपनीचं मार्केटिंग डिपार्टमेंट दिवसाढवळ्या, करार करून करतं.